सहा तारा आणि एक पेला

संगीत आणि द्राक्षारस यांची जोडी आजच्या उपाहारगृहांनी शोधून काढलेली नाही. बेन सिराच्या ग्रंथात, बत्तिसाव्या अध्यायात, मेजवानीतील गायनवादनाचा विषय आला आहे आणि तेथे या दोहोंच्या संयोगाला सोन्याच्या कोंदणात बसविलेल्या रत्नाची उपमा दिली आहे. त्याच्या आधीच्याच अध्यायात हा ज्ञानी लेखक मद्याच्या अतिरेकाविषयी कडक शब्दांत बजावतो, आणि पुढे चाळिसाव्या अध्यायात संगीत व द्राक्षारस या दोहोंचा आनंद मान्य करूनही शहाणपणाच्या ओढीला त्यांच्याहून वरचे स्थान देतो. आनंद, इशारा आणि तारतम्य अशी ही तीन पदे आहेत. प्रस्तुत लेखात आम्ही गिटारवादनाच्या काही आवडत्या रचना आणि सामान्य कुटुंबाच्या खिशाला परवडतील अशा वाइन्स यांचा मेळ तपासणार आहोत. तो तपासताना ही तिन्ही पदे डोळ्यांसमोर ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते. त्यांपैकी दुसऱ्या पदाचा आम्हांला एकदा विसर पडला होता. त्याची कबुली पुढे येईलच.

प्रसंग असा घडला. संत सेसिलियाच्या सणाच्या संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील गायकवृंदाच्या जाणत्या मंडळींना आम्ही धर्मगुरुनिवासात बोलाविले होते. आमच्याकडे मिस्साविधीत गिटार वाजते, पण बहुधा तीनचार स्वरमेळ खालीवर झोडपण्यापुरतीच. या वाद्याला स्वतःचे असे एक प्रगल्भ साहित्य आहे, हे त्यांच्या कानी घालावे, हा हेतू. दहाव्या पायस यांनी १९०३ साली उपासनासंगीताविषयी काढलेल्या आज्ञापत्रात पियानोला व गोंगाटी वाद्यांना मंदिरात मज्जाव केला होता. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात ऑर्गनचा मान कायम राखून इतर वाद्यांना, ती पवित्र कार्यास योग्य असतील तर, दार उघडले. त्या उघड्या दारातून गिटार आत आली खरी. परंतु ती कोणत्या घरची लेक आहे याची चौकशी आपण फारशी केली नाही. त्या संध्याकाळी ती चौकशी करावयाची होती, आणि सोबत पेलाभर वाइन असावी असे आम्हीच ठरविले.

प्रथम जोडी जुळविण्याच्या प्रचलित रीतीविषयी. बाटल्यांच्या पाठीवर आणि ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर हल्ली एकाच जातीची विशेषणे आढळतात. वाइनला चेरीचा, चामड्याचा, तंबाखूचा गंध असतो. संगीत उबदार, रेशमी, धुंद असते. मग 'उबदार' संगीताशेजारी 'उबदार' वाइन ठेवली की जोडी जमली! हे विशेषणांचे लग्न झाले. त्यात वधूवरांची गाठच पडलेली नसते. आमच्या मते जोडी तीन कसोट्यांवर तपासावी. दोहोंची माती एक आहे काय? दोहोंची घडण एकमेकींसारखी आहे काय? आणि दोहोंचा आवाका समान आहे काय? यांतील तिसरी कसोटी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. गिटार हे लहान आवाजाचे, घरगुती वाद्य आहे. छेडलेला स्वर छेडल्या क्षणापासूनच विरू लागतो. व्हायोलिनचा गज किंवा ऑर्गनचा भाता त्याला धरून ठेवतो तसे येथे कोणी धरून ठेवीत नाही. उघडलेली बाटलीही त्याच घटकेपासून उतरू लागते. अशा वाद्याशेजारी स्वतःच्या मोलाची जाणीव करून देत राहणारी महागडी वाइन ठेवणे म्हणजे हळू बोलणाऱ्या पाहुण्याशेजारी ढोल बडविणे होय. परवडणारी वाइन येथे नाइलाज म्हणून येत नाही. तीच योग्य निवड ठरते.

आरंभ एका धर्मगुरूपासून करू. गास्पार सान्स हे सतराव्या शतकातील स्पॅनिश धर्मगुरू, आरागोन प्रांतातील कालांदा गावचे. त्यांनी सालामान्का विद्यापीठात ईशज्ञानाचे शिक्षण घेतले, आणि १६७४ साली सारागोसा येथे स्पॅनिश गिटारवादनाचे पाठ देणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या काळच्या गिटारला पाच जोड तारा असत. त्यांच्या 'कानारिओस' या छोटेखानी नृत्यरचनेत सहा मात्रांची विभागणी कधी दोनात तर कधी तीनात होते, आणि त्या लपंडावातच तिचा सारा खोडकरपणा आहे. आरागोनच्या कारिन्येना आणि कांपो दे बोर्खा या टापूंत गार्नाचा जातीची काळी द्राक्षे पिकतात; त्यांची लाल वाइन स्पेनमध्ये स्वस्त आणि मस्त म्हणून ओळखली जाते. फळाचा ताजेपणा, फारसा तोरा नाही, जेवणाच्या ताटाशी सहज मैत्री. माती एक, स्वभावही एक. ही जोडी फारसा विचार करायला लावीत नाही, आणि आरंभाला तेच बरे.

दुसरे नाव फेर्नांदो सोर यांचे (१७७८–१८३९). बार्सिलोनाच्या या मुलाचे संगीतशिक्षण मोन्सेरातच्या बेनेडिक्टाइन मठातील बालगायकांच्या शाळेत झाले. मोझार्टच्या 'मॅजिक फ्ल्यूट' या संगीतिकेतील एका धूनेवर त्यांनी रचलेली रूपांतरे आजही गिटारवादकाची परीक्षा पाहतात. एकच साधी धून पुनःपुन्हा नवे कपडे लेवून वर येत राहते. मोन्सेरातच्या डोंगराच्या पलीकडेच पेनेदेसचा प्रदेश लागतो. तेथील 'कावा' ही बुडबुड्यांची वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबविली जाते आणि निदान नऊ महिने आपल्याच साक्यावर मुरते. सोर यांनी ती कधी चाखली नाही, कारण ती १८७२ पासूनची. तरीही तळातून सतत वर येणारा तिचा बारीक बुडबुडा आणि सोर यांची रूपांतरे यांचे नाते आम्हांला पटते. शँपेनच्याच पद्धतीने बनत असूनही कावा तिच्या मानाने पुष्कळ स्वस्त असते. याच पद्धतीची वाइन महाराष्ट्रातही होते. नारायणगावला १९८० च्या दशकात तिचा आरंभ झाला आणि पुढे नाशिक परिसरानेही ती केली. सणाच्या दिवशी परदेशी बाटलीचा हट्ट न धरता आपल्या मातीतील बाटली घ्यावी; आयातीवरील करांमुळे तिकडची स्वस्त वाइन इकडे पोहोचेपर्यंत स्वस्त राहत नाही.

आता एका फसगतीविषयी. इसाक आल्बेनिस यांची 'आस्तुरियास' ही रचना गिटारवर इतकी रुजली आहे की ती मुळात पियानोसाठी होती, हे अनेकांना ठाऊक नसते. मातीची कसोटी लावायची तर आस्तुरियास हा स्पेनच्या उत्तरेचा पावसाळी प्रांत. तेथे प्रसिद्ध आहे ती सफरचंदाची साइडर. नाव वाचून आम्हीही तशीच जोडी मनाशी बांधली होती. परंतु हे नाव आल्बेनिस यांनी दिलेले नाही. ते १९०९ मध्ये निवर्तल्यानंतर प्रकाशकाने ही रचना एका स्पॅनिश मालिकेत घातली आणि तिला हे नाव चिकटविले. रचना कान देऊन ऐकली तर तीत पाऊसही नाही आणि सफरचंदाची बागही नाही. आंदालुसियातील फ्लामेन्को गिटारचा आघात आणि मधल्या भागातील एकाकी कंठाची आळवणी आहे. शिवाय रचनाकार जन्माने कातालान! तेव्हा मातीची कसोटी खरी असली तरी ती लेबल वाचून लावू नये, कान लावून लावावी, हा धडा आम्ही घेतला. साइडरऐवजी ओकच्या पिंपात मुरलेली जड लाल वाइन घेऊन पाहिली, तर तिच्या तुरट भाराखाली मधली आळवणी बुडून गेली. ही जोडी आम्हांला जमली नाही, हे मान्य केलेले बरे.

जिथे माती, घडण आणि आवाका या तिन्ही कसोट्या एकाच वेळी उतरतात, अशी जोडी आमच्या अनुभवात एकच आहे. फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) यांची 'रेकुएर्दोस दे ला आलांब्रा', म्हणजे आलांब्राच्या स्मृती, आणि हेरेस येथील फिनो शेरी. लहानपणी डोळ्यांना इजा झालेल्या या कलावंताने ग्रानादा येथील मूर राजवाड्याच्या स्मृती ज्या तंत्रात बांधल्या, त्याला ट्रेमोलो म्हणतात. उजव्या हाताचा अंगठा खालच्या तारांवर शांतपणे पायऱ्या चढतो-उतरतो, आणि त्या प्रत्येक पायरीमागे अनामिका, मध्यमा व तर्जनी एकाच स्वरावर ओळीने तीन आघात करतात. आघात सुटे असतात, पण कानाला मात्र अखंड धार ऐकू येते. ज्या वाद्याला स्वर धरून ठेवता येत नाही, त्याने चिकाटीने साधलेले हे अखंडत्व आहे. अर्ध्यावर रचना उदास लघुस्वरमेळातून प्रसन्न दीर्घस्वरमेळात शिरते. जणू अंधाऱ्या दालनातून कारंज्याच्या चौकात पाऊल पडावे.

आता फिनोची घडण पाहा. हेरेसच्या पांढऱ्या, खडूसारख्या मातीत पालोमिनो जातीची द्राक्षे होतात. त्यांची वाइन पिंपात पूर्ण न भरता ठेवतात आणि तिच्या पृष्ठभागावर यीस्टची जिवंत साय धरते. तिला 'फ्लोर', म्हणजे फूल, म्हणतात. ती साय वाइनला हवेपासून राखते आणि तिला तो खारट, बदामासारखा, कोरडा स्वाद देते. याहून विशेष आहे ती सोलेरा पद्धत. पिंपांच्या रांगा रचलेल्या असतात. सर्वांत जुन्या रांगेतून थोडी वाइन काढायची, ती तूट तिच्याहून तरुण रांगेतून भरायची, तिची तूट आणखी तरुण रांगेतून. पिंप कधी पूर्ण रिकामे होत नाही. दरवर्षीचे नवे थेंब जुन्यात मिसळत राहतात. सुट्या थेंबांतून अखंड वाइन आणि सुट्या आघातांतून अखंड स्वर! हे साम्य विशेषणांचे नाही, कर्माचे आहे. आम्हां धर्मगुरूंना यात आणखी एक ओळखीची गोष्ट दिसते. आपली रोजारमाळही अशीच आहे. सुट्या प्रार्थनांतून अखंड होणारी.

फिनो शेरी उत्तम वाइन्सच्या जगात आजही तुलनेने स्वस्त गणली जाते. आपल्याकडे मात्र ती क्वचितच मिळते. न मिळाल्यास नाशिककडील कोरडी पांढरी वाइन चांगली थंड करून घ्यावी. पण तिच्यात फ्लोर नाही आणि सोलेराही नाही, तेव्हा ती केवळ उत्तरपूजा ठरेल. फिनोत मद्यार्काचे प्रमाण सुमारे १५ टक्के, म्हणजे साध्या वाइनहून अधिक असते. म्हणून पेला लहान हवा. रचनाही चारपाच मिनिटांचीच आहे.

यानंतर होआकिन रोद्रिगो यांच्या 'कॉन्सिएर्तो दे आरान्हुएस'कडे वळू. रोद्रिगो यांचा जन्म १९०१ सालच्या २२ नोव्हेंबरचा, म्हणजे संत सेसिलियाच्याच दिवशीचा. तीन वर्षांचे असताना घटसर्पाने त्यांची दृष्टी गेली. ते पियानोवादक, गिटार त्यांना स्वतःला वाजविता येत नसे. स्पेनमधील यादवी युद्ध संपले त्या १९३९ साली पॅरिसमध्ये ब्रेल लिपीत त्यांनी ही रचना सिद्ध केली आणि ९ नोव्हेंबर १९४० रोजी बार्सिलोनात ती प्रथम सादर झाली. माद्रिदच्या दक्षिणेकडील राजेशाही उद्यानाचे नाव तिला आहे. तिचा मधला, संथ भाग जगभर गाजला. त्यात कोर आंग्ले हे वाद्य प्रथम एक शोकगंभीर धून मांडते आणि गिटार तिला आपल्या नक्षीदार भाषेत उत्तर देते. त्यांच्या पत्नी व्हिक्टोरिया यांनी पुढे सांगितले की, पहिले अपत्य गर्भातच गमावल्याच्या दुःखाशी हा भाग बांधलेला आहे. हे ठाऊक झाल्यावर हा भाग हॉटेलच्या पार्श्वसंगीतात कानी पडला की आम्हांला संकोच वाटतो. आपल्या धर्मग्रामातही असे दुःख मुकाट सोसलेल्या माता आहेत, आणि त्यांच्यासाठी आपण क्वचितच काही गातो.

समीक्षक या नात्याने पाहता या रचनेचे मोठे यश तिच्या तोलात आहे. पूर्ण वाद्यवृंदासमोर गिटार सहज गाडली गेली असती. रोद्रिगो यांनी वृंद विरळ ठेवला आणि लहान आवाजाला बोलायला जागा दिली. दोष दाखवावयाचा तर तिसऱ्या भागाचा. दुसऱ्यातील व्यथेनंतर त्याचे दरबारी नृत्य आम्हांला हलके वाटते. तेम्प्रानियो द्राक्षाची, कमी मुरविलेली लाल वाइन येथे आम्ही सुचवितो. आरान्हुएसच्या दक्षिणेला पसरलेल्या ला मान्चा व वाल्देपेन्यास प्रदेशांत ती विपुल आणि स्वस्त होते, आणि नाशिक जिल्ह्यातही या द्राक्षाची लागवड झालेली आहे. तिचा तोलही असाच आहे. आंबटपणा, तुरटपणा आणि फळ यांपैकी कोणी कोणाला झाकीत नाही. मात्र पेला पहिल्या व तिसऱ्या भागासाठी ठेवावा. मधल्या भागात तो टेबलावरच असू द्यावा.

गोमंतकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मांडोच्या साथीला घुमट, व्हायोलिन यांच्याबरोबर गिटारही असते, आणि तेथे पोर्तुगीज वळणाची गोड, स्वस्त पोर्ट वाइन घरोघरी परिचयाची आहे. मांडोची विरहव्याकुळ, संथ चाल आणि तो गोडवा यांची जोडी निःसंशय जमते. पण गोडव्याखाली मद्यार्क लपतो आणि पेला कधी भरला हे कळत नाही, हेही तितकेच खरे.

येथे आम्हांला आमच्या चुकीकडे यावे लागते. त्या संध्याकाळी आमच्यासह आम्ही सहा जण होतो. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १२५ मिलिलिटरचे सहा पेले बसतात. सहा तारा, सहा पेले, असा विनोदही आम्ही केला आणि कोणालाही न विचारता सर्वांचे पेले भरले. मंडळींपैकी एकाने आपला पेला हळूच शेजाऱ्याकडे सरकविला आणि रिकामा पेला आणून तो उलटा ठेवला. आम्ही आग्रह केला. "घ्या हो, एक घोटच तर आहे," असे आमच्याच तोंडून निघून गेले. ते नुसते हसले आणि म्हणाले, "फादर, माझ्यासाठी एक घोट एकटा येत नाही." पाच वर्षांपूर्वी त्यांनी दारू सोडली होती. त्यांच्या घराची तेव्हा झालेली वाताहत आम्हांला ठाऊक होती. तिच्यासाठी आम्ही प्रार्थनाही केली होती. आणि तरीही यजमानपणाच्या उत्साहात आम्ही ती विसरलो.

मद्याच्या व्यसनातून सावरणाऱ्या धर्मगुरूला वरिष्ठांच्या अनुमतीने मिस्साबळीत साध्या द्राक्षारसाऐवजी, जेमतेम आंबलेला ताजा रस वापरता येतो. रोमच्या २००३ च्या पत्राने ही मुभा स्पष्ट केली आहे. वेदीवरच्या पेल्यापाशीदेखील ख्रिस्तसभा दुर्बलाला जागा करून देते, आणि आम्ही मात्र धर्मगुरुनिवासातल्या मेजावर ती केली नाही! रोद्रिगो यांनी वाद्यवृंद विरळ करून गिटारला जागा दिली, हे कौतुकाने सांगणाऱ्या समीक्षकाला आपल्या मेजावरचा लहान आवाज ऐकू आला नव्हता.

अखेरची रचना आम्ही आगुस्तीन बारियोस यांची लावली. पाराग्वायचा हा कलावंत १८८५ साली जन्मला आणि १९४४ मध्ये सान साल्वादोर येथे निवर्तला. युरोपात त्याची दीर्घकाळ उपेक्षा झाली. जॉन विल्यम्स यांनी १९७७ मध्ये केवळ त्याच्याच रचनांची ध्वनिमुद्रिका काढली, त्यानंतर जग त्याच्याकडे वळले. त्याची अखेरची रचना 'ऊना लिमोस्ना पोर एल आमोर दे दियोस', म्हणजे 'देवाच्या प्रेमाखातर एक भिक्षा'. तंत्र तार्रेगांचेच, ट्रेमोलोचे. परंतु त्या अखंड धारेखाली एक लहानसा ठोका पुनःपुन्हा येत राहतो. दारावर आलेल्या एका वृद्ध भिकारणीच्या थापेवरून तो सुचला, अशी आख्यायिका आहे. आलांब्राचे ट्रेमोलो भूतकाळाकडे पाहते. हे दाराकडे पाहते. त्यामुळे तंत्र एक असूनही बारियोस आम्हांला तार्रेगांहून एक पाऊल पुढे गेलेला वाटतो. रचना संपल्यावर कोणी काही बोलेना. मग उलटा पेला ठेवणारे गृहस्थच म्हणाले, "तो ठोका ऐकलात ना, फादर? घरात कितीही गाणं चालू असलं तरी तो थांबत नाही." त्या संध्याकाळची सर्वोत्तम समीक्षा हीच.

या रचनेसाठी आम्ही कोणतीही वाइन सुचवीत नाही. त्या वेळी सर्वांनीच पेले उलटे करावेत. परवडणारी वाइन घेतल्याने जे काही वाचते, त्यावर कोणाचा तरी हक्क आहे, याची आठवण बारियोस करून देतो. योहानाच्या शुभवर्तमानातील काना गावच्या लग्नातही द्राक्षारसाची उणीव प्रथम पवित्र मरियेच्या लक्षात आली, कारण ती पाहुण्यांकडे पाहत होती.

ज्या कुटुंबांना अशी संध्याकाळ योजावीशी वाटेल, त्यांना आमचे सांगणे थोडकेच आहे. बाटली एक असावी, माणसे सहा असावीत, आणि पेला भरण्यापूर्वी प्रत्येकाला विचारावे. जो नको म्हणेल त्याच्यासाठी कोकमाचे सरबत आधीच तयार असावे, म्हणजे त्याला कारण सांगावे लागणार नाही. गिटार त्यालाही तितकीच ऐकू येते, कदाचित अधिक.